स्विमिंग पुलाच्या काठाची मापं: एका मालवणी गवंड्याची वही

तारकर्ली-देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मिळून मी अकरा स्विमिंग पूल बांधले. त्यातल्या पहिल्या दहांत माझ्या सख्ख्या भावाला उतरता येत नाही. हे मला कळलं तेव्हा दहावा पूर्ण होऊन त्याचे पैसेही खर्च झाले होते.

दादा माडावरून पडला त्याला नऊ वर्षं झाली. कमरेखाली काही कळत नाही, हात मात्र अजून नारळ पाडणाऱ्या पाडेल्याचे आहेत. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, पाण्यात व्यायाम करून बघा. मी लगेच म्हटलं, त्यात काय, पूल मीच बांधलाय, मालक ओळखीचे. गेलो. गाडीपासून पुलापर्यंत खुर्ची तिघांनी उचलून नेली, कारण त्या वाटेवर मीच हौसेने पांढरी खडी पसरली होती. काठावर पोचलो तर समोर उभी स्टीलची शिडी. मग एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. दादा म्हणाला, "माका पोत्यासारखो उचलू नको रे." पाण्यात गेल्यावर मात्र हसला. "हंय वजनच रवना नाय!" बाहेर काढताना काठाच्या जांभ्यावर मांडी घासली. त्याला कळलं नाही, आम्हालाही नाही. रात्री चादरीवर रक्त दिसलं तेव्हा वहिनीने आरडाओरडा केला. ती जखम भरायला दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत मी मापं गोळा केली. पूल बांधायला काढलेला रिसॉर्टमालक, घराशेजारी पाहुण्यांसाठी खोल्या काढणारा माणूस, किंवा माझ्यासारखा गवंडी, यांच्यापैकी कोणी असाल तर ही वही तुमच्यासाठी.

आधी कायद्याचं बोलून टाकू, कारण मालक पहिला प्रश्न तोच विचारतात. "हे सगळं सरकारी इमारतींना ना? आपलं खासगी आहे." दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खासगी, कोणतीही, जिथे लोकांचं येणंजाणं आहे, व्यवसायाची, विरंगुळ्याची, करमणुकीची जागाही त्यात नाव घेऊन धरली आहे. कलम ४४ सांगतं की नकाशा नियमांत बसत नसेल तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. केंद्र सरकारने सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं २०२१ साली काढली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यातलं किमान तरी सक्तीचं करा, नुसत्या शिफारशी पुरे नाहीत.

पण गवंड्याला हवा असतो इंच. त्यासाठी मी अमेरिकेकडे वळलो. तिथे १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, एडीए म्हणतात त्याला. त्याच्या २०१० च्या मानकांत पोहण्याच्या तलावांना आणि स्पाला वेगळं प्रकरण दिलंय. नव्या बांधकामाला ते १५ मार्च २०१२ पासून लागलं. जुन्या पुलांनाही तीच तारीख होती, पण हॉटेलवाल्यांनी ओरड केली आणि मुदत ३१ जानेवारी २०१३ पर्यंत ढकलली गेली. मालक जगात कुठेही गेलात तरी सारखेच. ती मापं इथे कोणी सक्तीने मागणार नाही. पण ती इंचात आहेत आणि माझा टेपही इंचात आहे.

सुरुवात भिंतीपासून करा. पुलाच्या आतल्या कडेची लांबी चारही बाजूंनी मोजा. ३०० फुटांच्या आत भरली तर उतरण्याची एक सोय पुरते, पण ती उतार किंवा खुर्चीची लिफ्ट यांपैकीच हवी. ३०० किंवा त्याहून जास्त असेल तर दोन सोयी, आणि त्यातली एक पुन्हा याच दोनांपैकी. आपल्याकडचे रिसॉर्टचे पूल ४० बाय २०, फार तर ६० बाय २५. म्हणजे १२० ते १७० फूट. एक सोय, बस्स. पन्नास मीटरचा तलाव असेल तर मात्र तीनशेच्या पुढे जातो. सोय एक पुरते म्हटल्यावर मालकाचा चेहरा जरा उजळतो, तेव्हाच पुढचं बोलून घ्यायचं.

उतार मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण तो बिघडत नाही. प्रमाण १ ला १२, म्हणजे एक इंच खाली जायला बारा इंच लांबी, त्याहून तीव्र नको. तो पाण्याच्या पातळीखाली निदान २४ इंच गेला पाहिजे, जास्तीत जास्त ३०. इथे हिशोब चुकतो. लोक २४ इंचाला २४ फूट धरतात आणि विसरतात की पाणी काठाच्या सहा इंच खाली आहे. त्याचे आणखी सहा फूट. ४० फुटी पुलात ३० फुटांचा उतार म्हणजे एक लांब बाजू गेलीच. म्हणून मी तो चौकोनाच्या बाहेर, बाजूला गल्लीसारखा काढतो. पुलाचा आकार शाबूत राहतो आणि लहान मुलांना बसायला जागा मिळते. दोन्ही बाजूंना कठडे, आणि दोघांमधलं अंतर ३३ ते ३८ इंच, कारण दोन्ही हातांनी धरता आलं पाहिजे. हे सगळं काँक्रीट ओतण्याआधी ठरवा. नंतर पूल फोडून उतार काढणं म्हणजे नवा पूल बांधण्याएवढाच खर्च. आणि उतार असला तरी माणूस आपली रोजची खुर्ची क्लोरीनच्या पाण्यात घालणार नाही. पाण्यात चालणारी प्लॅस्टिकची एक खुर्ची जागेवर ठेवा.

जुना पूल असेल तर लिफ्ट. ही एका खांबावर फिरणारी सीट असते, बॅटरीवर चालते. मापं अशी: जिथे ती पाण्यात उतरते तिथे खोली ४८ इंचांपेक्षा जास्त नको. सीट किमान १६ इंच रुंद. काठावर ती जमिनीपासून १६ ते १९ इंचांवर थांबली पाहिजे, म्हणजे व्हीलचेअरच्या बैठकीच्या आसपास. पाण्यात निदान १८ इंच खाली जायला हवी. वजन किमान १३६ किलो पेलायला हवं. पाय ठेवायची पट्टी सीटबरोबर खालीवर व्हावी. सीटचा पाण्याच्या उलट बाजूचा हात दुमडणारा किंवा काढता येणारा असावा, नाहीतर खुर्चीतून सरकून तिच्यावर बसताच येत नाही. सीटच्या त्याच उलट बाजूला ३६ इंच रुंद आणि ४८ इंच लांब अशी मोकळी, सपाट जागा. तिथे पाण्याला ढाळ हवा म्हणून फार उतरतं करू नका, ४८ ला १ पुरे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम बटणांचा आहे. लिफ्ट काठावरून आणि पाण्यातून, दोन्हीकडून, बसणाऱ्याला एकट्याला चालवता आली पाहिजे. म्हणजे उतरायला कोणाची परवानगी नको आणि वर यायला कोणाची वाट बघणं नको. दादाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, लिफ्ट राहू दे, आधी हाच नियम सगळ्या दुनियेला लावा.

लिफ्टचं दुखणं वेगळं. एका ठिकाणी मी बसवून दिली आणि चार महिन्यांनी गेलो, तर ती गोडाऊनमध्ये, वर टॉवेलांची गाठोडी, बॅटरी मेलेली. "कोणी मागत नाही हो." दिसतच नाही तर मागणार कोण? पूल जेवढा वेळ उघडा तेवढा वेळ लिफ्ट जागेवर आणि चार्ज केलेली हवी, हा अमेरिकेतलाही दंडक आहे. आपल्याकडे पावसात लाईट जाते, म्हणून दुसरी बॅटरी ठेवा. आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर नटबोल्टपासून कठड्यापर्यंत ३१६ ग्रेडचंच स्टेनलेस स्टील घ्या. ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच वर्षी तांबडे डाग पडतात.

आता जाकुझी आणि गरम पाण्याचे हौद. राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर किंवा तुरळ-आरवलीच्या कुंडांवर गेला असाल तर दगडी पायऱ्या आठवतील. रिसॉर्टवाले हल्ली तसेच हौद बांधून मागतात. इथे नियम सैल आहे: लिफ्ट चालते, पायरीपायरीने बसत उतरायची सोय चालते, किंवा सरळ एक भिंत चालते. मला ही भिंत फार पसंत, कारण ती आपल्या पडवीच्या कट्ट्यासारखीच आहे. माणूस खुर्चीतून कट्ट्यावर सरकतो, पाय उचलून पलीकडे टाकतो, पाण्यात घसरतो. उंची १६ ते १९ इंच, जाडी १२ ते १६ इंच, लांबी किमान ५ फूट. समोर ५ फूट बाय ५ फूट सपाट मोकळी जागा, खुर्ची वळवायला. कट्ट्यावर निदान एक दांडी, कट्ट्याच्या लांबीला धरून नव्हे, कट्टा ओलांडत हौदाकडे जाणारी, कट्ट्याच्या वर ४ ते ६ इंच. एकच दांडी असेल तर तिच्या दोन्ही अंगांना २४ इंच जागा सोडा.

जांभा तसाच उघडा ठेवू नका, कितीही सुंदर दिसला तरी. वरची बाजू गुळगुळीत करून सगळ्या कडा गोल मारा. दादाच्या मांडीवरचा डाग अजून आहे. ज्याला संवेदना नाही त्याला कापलेलं कळत नाही आणि भाजलेलंही कळत नाही. म्हणून गरम पाण्याला हाताने अंदाज नको, थर्मामीटर लावा. ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. मणक्याला मार लागलेल्या माणसाचं शरीर उष्णता नीट सांभाळत नाही, तेव्हा त्याला आधी डॉक्टरांना विचारू द्या.

पुलाभोवतीचं लवकर सांगतो. गाडीपासून पाण्यापर्यंत खडी नाही, वाळू नाही, पायरी नाही. असलीच तर १ ला १२ चा उतार. कडेच्या गटाराच्या जाळीची भोकं अर्ध्या इंचापेक्षा मोठी नकोत, खुर्चीची पुढची चाकं त्यात अडकतात. दार ९०० मिलिमीटर मोकळं. कपडे बदलायच्या खोलीत बाक १७ ते १९ इंच उंच, निदान ४२ इंच लांब, २० ते २४ इंच रुंद, कारण आडवं पडून कपडे बदलावे लागतात. ही गोष्ट मला बाकावर बसून कधीच सुचली नसती. श्रावणापर्यंत काठावर शेवाळ धरतं. रोज ब्रश मारा, नाहीतर दोन पायांवर चालणारेच आधी पडतील.

पोरांना, म्हणजे पुलावरच्या लाईफगार्डांना, दोन गोष्टी सांगा. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि माणूस पाण्यात गेला की त्याची खुर्ची "वाटेत येते" म्हणून दूर नेऊन ठेवायची नाही. ती त्याला पाण्यातून दिसली पाहिजे.

मुरलीकांत पेटकरांचं नाव मी प्रत्येक मालकाला सांगतो. इस्लामपूरकडचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटरमध्ये भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. ऐकून मालक मान डोलावतात. मग विचारतात, पण कठड्याला ३०४ चं स्टील चालेल ना?

शेवटचा हप्ता घेण्याआधी खरा माणूस बोलावून बघा, खरी खुर्ची, भरलेला पूल. अकराव्या पुलाला मी दादाला नेलं. उतार टेपने तीनदा तपासला होता, लिफ्टही बसवली होती, मी निश्चिंत. तो लिफ्टवर एकटा बसला, एकटा खाली गेला, वीसेक मिनिटं पाठीवर तरंगला. मग हाक मारली. पाण्यातलं बटण मी खांबाच्या मागच्या अंगाला लावलं होतं आणि सीटवर बसून त्याचा हात तिथे दोन इंच कमी पडत होता. मीच जाऊन बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिशियन घेऊन गेलो आणि ते चार इंच पुढे घेतलं.