स्पीचची एमएस्सी: क्लिनिकची तयारी अशी करा

पुण्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते, आणि एमएस्सीच्या मुलींची सेशन्स काचेपलीकडून बघणं हाही त्याच कामाचा भाग. (मुली म्हणते, कारण मुलगे एखाददुसराच असतो.) थिअरीत हुशार असलेल्या मुली क्लिनिकमध्ये का अडखळतात, ते रोज दिसतं. म्हणून हे.

आधी कागदपत्रांचं उरकते. ही एमएस्सी बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण या विषयांतली पदवी) करूनच होते. ती पदवी चार वर्षांची, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. नुसत्या सायकॉलॉजीच्या पदवीवर इथे थेट प्रवेश नाही. एमएस्सी दोन वर्षांची. ऑडिऑलॉजी वेगळी, स्पीच वेगळी. कोर्सला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता आहे का, ते आरसीआयच्या यादीतच बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकात नको. प्रॅक्टिसला आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतंच.

कॉलेज निवडताना सगळ्या नाव बघतात. मी म्हणेन, तिथले पेशंट कुठल्या भाषेत बोलतात तेही बघा. म्हैसूरच्या आयिशमध्ये (अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत) शिकायला मिळणं मोठंच, पण ओपीडीतली आजी कन्नडमध्ये बोलणार. जाणार असाल तर ‘तोंड उघडा’, ‘परत म्हणा’, ‘गिळा’ एवढं तरी कन्नडमधून येऊ द्या.

आता सेशन. समजा, पाच वर्षांचा मुलगा ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो. बहुतेक जणी पिशवीतून पहिलं चित्र काढतात ते कुत्र्याचं. अहो, त्याच शब्दात ‘त’ आहे! जीभ आधीच पुढे पळतेय, तिला अजून आमंत्रण कशाला? ‘नाक’सुद्धा सुरुवातीला नको, ‘न’लाही जीभ पुढेच लागते. ‘एक’, ‘फूक’, ‘बाक’ असे शब्द घ्या. ‘क’ शेवटी असला की बऱ्याच मुलांना सोपा जातो.

पण त्याच्याही आधी त्याला फरक ऐकू येतो का, ते बघा. एक कारचं चित्र, एक तारेचं. तुम्ही म्हणा, त्याला बोट ठेवू दे. तिथेच गोंधळ असेल तर तोंडाची कसरत आज राहू द्या. फरक कळत असेल तर मान किंचित मागे करून घोटभर पाण्याची गुळणी करायला लावा. जिभेचा मागचा भाग वर जाणं म्हणजे काय, ते त्याला आपोआप कळतं. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला मात्र हे करायला लावू नका. मग ‘को’, ‘कू’, आणि ‘की’, ‘के’ नंतर, कारण ‘ई’ला जीभ पुढे सरकते. लेसन प्लॅनमध्ये ‘उच्चार सुधारणे’ लिहिलेलं दिसलं की मी वही परत देते. ‘शब्दाच्या शेवटचा क, चित्र बघून, २० पैकी १६ वेळा बरोबर’ असं लिहा. आणि सेशन रेकॉर्ड करा. ऐन वेळी आपला कान मुलाच्या बाजूने निकाल देतो.

वॉर्डात वेगळीच परीक्षा. स्ट्रोकनंतर गिळायला त्रास होणाऱ्या आजोबांना डबाबंद थिकनर (पेय दाट करणारी पावडर) महाग पडतो आणि घरचे विचारतात, “पेज चालेल का?” अंदाजाने उत्तर देऊ नका. इड्सीची (पेय किती दाट ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मापाची) सिरिंज टेस्ट करा: १० मिलीची सिरिंज (० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिलीमीटर हवं, सगळ्या कंपन्यांचं तेवढं नसतं), दट्ट्या काढून टाका, खालचं तोंड बोटाने बंद करा, गाळलेली पेज १० पर्यंत भरा, खालून बोट काढा, १० सेकंद मोजा. १ ते ४ मिली उरली तर लेव्हल १, ४ ते ८ उरली तर लेव्हल २, ८ च्या वर उरली पण थेंब थेंब पडत राहिली तर लेव्हल ३. गरम पेज आणि गार पेज वेगळी निघते, म्हणून ज्या तापमानाला आजोबा पिणार त्याच तापमानाला मोजा. कोणती लेव्हल द्यायची, हे विद्यार्थिनीने एकटीने ठरवायचं नाही, सुपरवायझरला बोलवा.

नातेवाइकांना एक गोष्ट नक्की सांगा. उष्टा चमचा पुन्हा पुन्हा वाटीत गेला की लाळेमुळे स्टार्च फुटतो आणि सकाळची दाट पेज बघता बघता पातळ होते. भांड्यातून थोडी थोडी वेगळ्या वाटीत घ्यायची, आणि वाटीत उरलेली भांड्यात परत ओतायची नाही.