मराठी माध्यमातून हिंजवडीत: मस्ट, वुड आणि जर-तरचं इंग्रजी

लातूर, बीड, सोलापूरहून पुण्यात नोकरीला आलेली मुलं हमखास सांगतात, "टेन्स सगळे पाठ आहेत, पण वाक्य लांबलं की गाडी अडते." हिंजवडीतल्या एका सपोर्ट टीममध्ये नव्या लोकांचे मेल ग्राहकाकडे जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. शब्द सुचला नाही म्हणून बिघडलेले मेल त्यात फार कमी. बिघडतात ते कॅन-मस्ट-वुडमुळे, नाहीतर वाक्याला वाक्य जोडताना.

आधी मोडल, म्हणजे कॅन, मस्ट, वुडसारखी मुख्य क्रियापदाच्या आधी येणारी सहायक क्रियापदं. 'मी जाऊ शकते', 'मला जावं लागेल', 'मी जायला हवं'. मराठीत क्रियापदाचं रूप बदलतं, कधी कर्त्याचंही. इंग्रजीत 'आय' तसाच राहतो, 'गो' तसाच राहतो, मधला शब्द तेवढा बदलतो. म्हणून 'ही कॅन गोज' चालत नाही आणि 'यू मस्ट टु गो'ही नाही. मुख्य मोडल 9 आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. यातल्या कॅन, मे, शॅलची रूपं मुळात फार जुन्या भूतकाळातून आली आहेत, म्हणून 'ही'नंतरही त्यांना एस लागत नाही. (परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, पण कारण कळलं की नियम डोक्यात बसतो.)

ऑफिसात सगळ्यात महाग पडतो तो मस्ट. 'यू मस्ट सेंड द लॉग्ज टुडे' लिहिताना आपल्या मनात 'पाठवावे लागतील' असतं, वाचणाऱ्याला मात्र हुकूम ऐकू येतो. 'कुड यू सेंड अस द लॉग्ज टुडे?' असं लिहा. हा कुड भूतकाळाचा नाही, अदबीचा आहे. आपणही 'जरा पाठवाल का?' म्हणतो तेव्हा भविष्यकाळ अदबीसाठीच वापरतो. दुसरी खोच नकाराची. 'यू मस्ट नॉट रीस्टार्ट द सर्व्हर' म्हणजे अजिबात करू नका. 'यू डोन्ट हॅव टु रीस्टार्ट द सर्व्हर' म्हणजे करायची गरज नाही, केलंत तरी बिघडत नाही. या दोन्हींची अदलाबदल झाली तर रात्रीच्या शिफ्टला पळापळ.

'वुड'ची सवय तर जुन्या लोकांनाही आहे. 'द मीटिंग वुड बी ॲट फाइव्ह' आपल्याकडे सर्रास चालतं. परदेशातला ग्राहक त्यात अट शोधतो: पाचला झाली असती, पण कशामुळे अडली? मीटिंग ठरलेली असेल तर सरळ 'विल' लिहा.

अंदाज आणि हळहळ व्यक्त करताना मात्र मराठी कान कामाला येतो. बस चुकली असणार: 'ही मस्ट हॅव मिस्ड द बस'. चुकली असेल कदाचित: 'माइट हॅव मिस्ड'. फोन करायला हवा होता: 'शुड हॅव कॉल्ड'. हे बारकावे आपण घरी रोज वापरतो, त्यामुळे क्लासमधले तक्ते घोकण्यापेक्षा आपलंच वाक्य आधी नीट ऐकावं असं माझं मत आहे.

आता जोडवाक्यं. मराठी दोन्ही टोकांना खूण ठेवते: जर-तर, जरी-तरी. इंग्रजीला एकच पुरते. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी स्टार्टेड' मधला बट काढा. 'बिकॉज द नेट वॉज डाउन, सो वी कुड नॉट लॉग इन' मधला सो काढा.

यापेक्षा अवघड असतं न घडलेल्या गोष्टीचं वाक्य. 'चांदणी चौकात कोंडी नसती तर वेळेत पोहोचलो असतो.' इथे दोन्हीकडे 'असता'चंच रूप आहे, म्हणून आपण दोन्हीकडे 'वुड हॅव' ठोकून देतो. इंग्रजीत इफच्या बाजूला हॅड येतो, वुड फक्त दुसरीकडे: 'इफ देअर हॅड बीन नो ट्रॅफिक, वी वुड हॅव रीच्ड ऑन टाइम.'

'व्हेन द रेन विल स्टॉप' हेही असंच. 'पाऊस थांबला की निघेन' म्हणताना आपणही थांबण्याला भविष्यकाळ लावत नाही, चक्क 'थांबला' म्हणतो. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते: 'आय विल लीव्ह व्हेन द रेन स्टॉप्स.'

प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम बदलतो. 'व्हेअर इज द फाइल?' बरोबर, पण 'कुड यू टेल मी व्हेअर द फाइल इज?' मराठीत 'फाइल कुठे आहे' जसंच्या तसं आत जातं, म्हणून इथे हात चुकतो. मुलाखतीत नेमकं हेच कानाला खटकतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो: सेंट फोल्डरमधले स्वतःचे जुने मेल काढा आणि व्हेअर, व्हॉट, व्हाय जिथे वाक्याच्या मध्ये आलेत तेवढीच वाक्यं मोठ्याने वाचा.

राहता राहिला 'की'. 'अमित म्हणाला की मी उद्या येतो' यातला मी म्हणजे अमित, हे आपल्याला सांगावं लागत नाही. हेच 'अमित सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असं ग्राहकाला गेलं, तर तो उद्या तुमची वाट बघेल. तिथे 'ही' घाला, आणि निरोप कालचा असेल तर 'विल'चा 'वुड' करून 'टुमॉरो'च्या जागी 'टुडे' लिहा.