फराळ गोळा करताय? एका विंगला एकच पदार्थ द्या

सोसायटीतून दिवाळीचा फराळ गोळा करून पाड्यांवर न्यायचा, तर दर वर्षी एकच घोळ: घरोघरी एकाच पिशवीत सगळं कोंबलेलं. पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याला पोचेपर्यंत चिवडा मऊ, लाडवांना लसूणशेवेचा वास आणि कुणाच्या वाट्याला नुसतेच शंकरपाळे.

यंदा असं केलं:

१. एका विंगला एकच पदार्थ. ए विंग बेसनाचे लाडू, बी शंकरपाळे, सी चिवडा, डी चकली.

२. पाव किलोची रिकामी झिपलॉक पाकिटं आठवडाभर आधी आपणच वाटायची. वर मार्करने पदार्थाचं नाव. फराळ केल्याची तारीख घरच्यांनी टाकायची. मापाचा प्रश्नच उरत नाही.

३. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये चार टेबलं ओळीने. कापडी पिशवी घेऊन पुढे सरकायचं, प्रत्येक टेबलावरून एक पाकीट उचलायचं. लाडवांचं टेबल पहिलं, चकलीचं शेवटी, म्हणजे चकली आपोआप वर राहते, चुरा होत नाही. (हे आमच्या आठवीतल्या पोराला सुचलं, मोठ्यांना नाही.) साठ पिशव्या पाऊण तासात भरल्या.

४. घरं किती, हे पाड्यावरच्या अंगणवाडीताईंना आधी विचारा. वर पाच पिशव्या जास्तीच्या न्या.

ओल्या नारळाच्या करंज्या आणि खव्याची मिठाई मात्र घेऊ नका. काकू रुसल्या तरी चालतील. उन्हात तापलेल्या टेम्पोत दोन्ही दुपारपर्यंतच आंबतात.