उझबेकिस्तानचा बेत: खिवा आधी, समरकंद शेवटी

घरात सासूसासरे, दोन मुलं आणि ‘मला काहीही चालेल’ म्हणणारा नवरा असला की सहल कोण आखतं हे सांगायला नको. आमची उझबेकिस्तानची सहल झाल्यापासून ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन मला येतो. फोनवर सांगते तेच इथे लिहिते.

ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा हा नेहमीचा क्रम. तो उलटा करा. दिल्लीहून ताश्कंदला थेट विमान आहे, तीनेक तासांचं. तिथे रात्रीपुरतं टेका आणि सकाळच्या विमानाने उर्गेंचला जा. खिवा तिथून तासाभराच्या आत. मग बुखारा, समरकंद करत रेल्वेने ताश्कंदला परत या. लांबचा पल्ला दम ताजा असताना उरकतो आणि शेवटच्या दिवशी विमानतळ हाताशी असतो. शिवाय समरकंदचा रेगिस्तान चौक आधी पाहिला तर खिवा फिकं वाटतं, जिलबीनंतरच्या चहासारखं. खिव्याला दोन रात्री, बुखाऱ्याला दोन, समरकंदला तीन. यात काटछाट करायचीच तर बुखाऱ्यात करा, समरकंदला हात लावू नका.

तारखा मुलांच्या सुट्टीपेक्षा उन्हाकडे बघून ठरवा. जुलैत पारा 40 च्या वर जातो. एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा उत्तम, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर.

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, माणशी 20 डॉलर. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळू नका. व्हिसा आला की आधी रेल्वेची तिकिटं, मगच हॉटेलं. बुखारा-समरकंद-ताश्कंद मार्गावर ‘अफ्रोसियोब’ नावाची वेगवान गाडी धावते. समरकंद ते ताश्कंद दोन तासांत. ती भराभर भरते, म्हणून विक्री सुरू होईल त्याच दिवशी काढा. खिवा ते बुखारा मात्र वाळवंटातून साध्या गाडीने सहा-सात तास. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्या दिवसासाठी राखून ठेवा.

खिव्यात हॉटेल इचान-कलाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतच घ्या. आत सगळं चालत पाहता येतं आणि दुपारी आजी-आजोबांना खोलीवर पाठवता येतं. ‘काल्ता मिनोर’ हा निळा, ठेंगणा मिनार मुलांना भलताच आवडतो, कारण तो अर्धवटच राहिलाय. जामा मशिदीत दोनशेहून जास्त कोरीव लाकडी खांब आहेत. सासरे तिथून हलेनात.

शाकाहारींनी घाबरू नये, पण गाफीलही राहू नये. पुलाव म्हटलं की त्यात मांस असणारच, आणि नुसतं बाजूला काढून चालत नाही, भात त्याच चरबीत शिजलेला असतो. ‘गोश्तसिज’, म्हणजे बिनमांसाचं, एवढा शब्द पाठ करा. भोपळ्याचा समसा, म्हणजे तिथला भाजका समोसा मागा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर मागा, तंदूरमधली गरम रोटी तर गल्लोगल्ली मिळते. खिव्यात ‘शिवित ओशी’ म्हणून हिरव्यागार शेवया मिळतात. तो हिरवा रंग शेपूचा. वर मांसाचा रस्सा घालतात, तो नको म्हणा आणि दही घ्या. घरी शेपूच्या भाजीला नाक मुरडणाऱ्या माझ्या लेकीने ताटली चाटूनपुसून साफ केली.

समरकंदला मुलांना इतिहास शिकवायची घाई करू नका, एक धागा पकडा. आमचा धागा बाबर होता. पुस्तकात तो 1526 ला पानिपतावर उगवतो, पण 1497 मध्ये समरकंद पहिल्यांदा जिंकलं तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. हे ऐकल्यावर आठवीतला माणूस मोबाइल खिशात ठेवतो. दुसरं ठिकाण समरकंदचा खगोलवेडा राजा उलुगबेग याची वेधशाळा. जमिनीखालचा तिचा प्रचंड कमानदार चर 1908 मध्ये उत्खननात सापडला. तिथे तयार झालेली ताऱ्यांची कोष्टकं पुढे जंतरमंतर बांधणाऱ्या जयसिंगानेही वापरली. पुरंदरच्या तहातला मिर्झाराजा नव्हे, हा त्याचा वंशज सवाई जयसिंग. आमच्याकडे यावर जेवण संपेपर्यंत वाद चालला होता.

रेगिस्तान दोनदा पाहा, सकाळी आत शिरून आणि रात्री दिवे लागल्यावर समोरच्या पायऱ्यांवरून. शाह-ए-जिंदाला, म्हणजे जुन्या कबरींच्या परिसराला, जिना आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर सकाळी गारव्यात जा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

हॉटेल परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंदणी करतं. घरगुती ठिकाणी उतरलात तर ती होतेय ना, हे विचारून घ्या. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, त्यामुळे पहिला दिवसभर शून्यं मोजण्यातच जातो.

ताश्कंदचा शेवटचा दिवस मोकळा ठेवा. लालबहादूर शास्त्रींचं निधन 1966 च्या जानेवारीत याच शहरात झालं. त्यांचा अर्धपुतळा पाहायचा हे सासऱ्यांनी निघण्याआधीच बजावलं होतं. मग चोरसू बाजार. जर्दाळू आणि अक्रोड चाखल्याशिवाय घेऊ नका, पहिल्या दुकानात तर मुळीच नाही. आत जावं तसा भाव उतरतो. उरलेले सोमही तिथेच संपवा, इथे आल्यावर ते बदलून मिळणं कठीण.