किडनी प्रत्यारोपणाआधी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : तयारी आणि नंतरची काळजी

वजन जास्त असल्यामुळे प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव घेता येत नाही, असे ज्या रुग्णाला सांगितले जाते, त्याने सर्वप्रथम आपल्या प्रत्यारोपण केंद्राची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याची) मर्यादा किती आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे. ही मर्यादा सगळीकडे सारखी नसते. काही केंद्रे 35 धरतात, तर काही 40. उंची 170 सेंटिमीटर असेल, तर 40 म्हणजे साधारण 116 किलो आणि 35 म्हणजे साधारण 101 किलो, त्यामुळे किती वजन उतरवायचे हे त्या एका आकड्यावर ठरते. बीएमआय डायलिसिसनंतरच्या वजनावरूनच काढावा, कारण अंगात साठलेले पाणी म्हणजे चरबी नव्हे.

एवढे समजले की पुष्कळ जण घाबरून जेवण तोडतात. हे कृपया करू नये. डायलिसिसवर असताना अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि अशक्त झालेला रुग्ण प्रत्यारोपणासाठी अधिक जोखमीचा ठरतो.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय ती करणाऱ्या बॅरिएट्रिक सर्जनने एकट्याने घेण्याचा नाही. नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीविकारतज्ज्ञ) आणि प्रत्यारोपणाचा चमू त्यात सुरुवातीपासून असावा. या रुग्णांसाठी बहुधा स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीला पसंती दिली जाते. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, पण आतड्याचा मार्ग बदलत नाहीत. गॅस्ट्रिक बायपासमध्ये तो बदलतो आणि त्यानंतर अन्नातले ऑक्झलेट (एक प्रकारचा क्षार) रक्तात जास्त शोषले जाऊन पुढे नव्या किडनीतही साठू शकते; शिवाय शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधांच्या शोषणावर परिणाम होऊ शकतो. अर्थात, तीव्र ॲसिडिटीचा जुना त्रास असेल, तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, म्हणून ही गोष्ट सर्जनला आधीच सांगावी.

तयारीत धूम्रपान पूर्ण बंद करणे, हृदयाची तपासणी आणि झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी या गोष्टी येतात. यकृत आकसावे म्हणून शस्त्रक्रियेआधी कमी उष्मांकाचा, बराचसा द्रवरूप आहार दिला जातो. त्याचा छापील तक्ता डायलिसिसच्या रुग्णासाठी बनवलेला नसल्यास त्यात पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी प्रमाणाबाहेर असू शकते, तेव्हा तो किडनीच्या आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावा. हिमोडायलिसिसचे (यंत्राने रक्त शुद्ध करण्याचे) सत्र शक्यतो आदल्या दिवशी व्हावे. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांना काही काळ हिमोडायलिसिसवर जावे लागू शकते, याची विचारपूस आधीच करावी. ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) आहे, त्या हाताला ना सलाइन लावू द्यावे, ना रक्तदाबाचा पट्टा.

सर्वांत जास्त लक्ष लागते ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, आणि तेही ड्राय वेटकडे, म्हणजे अंगातले जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवे त्याकडे. समजा, यंत्रावर ड्राय वेट 112 किलो नोंदवले आहे आणि महिन्याभरात रुग्णाच्या अंगचे प्रत्यक्ष 6 किलो उतरले आहेत. आकडा तोच राहिला, तर प्रत्येक सत्राअखेर सुमारे 6 लिटर पाणी शरीरात तसेच राहील. काटा 112 दाखवत असल्याने सगळे ठीक वाटेल आणि पुढे धाप लागेल, पायांवर सूज येईल. याउलट, खाणेपिणे फारच कमी होत असताना जास्त पाणी काढले गेले, तर रक्तदाब कोसळतो आणि फिस्टुला बंद पडू शकतो. म्हणून ड्राय वेट निदान दर आठवड्याला नव्याने ठरवून घ्यावे, आणि घोट घोट पाणी पीत राहण्याची सरसकट सूचना मिळाली, तरी दिवसाचे प्रमाण नेफ्रॉलॉजिस्टकडूनच घ्यावे. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे डोसही याच काळात झपाट्याने कमी करावे लागतात.

आहारात प्रथिनांना पहिला मान द्यावा, कारण डायलिसिसमध्येही ती कमी होतात. बी12, थायमिन आणि लोह यांची भरपाई लागते, परंतु बाजारातली कोणतीही मल्टिव्हिटॅमिन गोळी चालत नाही. किडनी निकामी असताना अ जीवनसत्त्व शरीरात साठून अपाय करू शकते. वेदनेसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नये. सतत उलट्या, ताप, पोटात वाढत जाणारी वेदना किंवा नाडी जलद होणे, यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण टाक्यांच्या रेषेतून गळती होत असल्याची ती खूण असू शकते.

वजन मर्यादेखाली आले म्हणजे लगेच प्रत्यारोपण होईल असे नाही. वजन आणि पोषण स्थिरावेपर्यंत केंद्रे सहसा काही महिने थांबतात. या काळात यादीतले नाव तात्पुरते स्थगित असेल, तर ते पुन्हा कधी सक्रिय होणार हे विचारून ठेवावे. जवळचा दाता तयार असेल, तर त्याच्या तपासण्या याच काळात उरकाव्यात.