जुन्या डिझेल जीपचे ब्रेक तपासायला बसण्याआधी

ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून जुनी जीप गॅरेजात गेली की बहुतेक वेळा आधी नवे शू (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) बसतात, मग मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) बदलतो, आणि तक्रार जागच्या जागी राहते. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या महिंद्राचा दोष कुठे आहे हे बऱ्याचदा पेडलच सांगतं. म्हणून पाने काढण्याआधी पेडलला वेळ द्या.

जागा सपाट हवी, आणि जमीन टणक. जॅक, दोन भक्कम स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, निप्पलला (चाकामागच्या, हवा काढायच्या बारीक तोटीला) घट्ट बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली, ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा, वायर ब्रश, खडू, फडकी आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. पेडल दाबायला एक माणूस लागेल. ठोकळ्यांचा आळस करू नका. विलीस या मूळ अमेरिकन जीपच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, धरतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. खाली माणूस झोपलेला असताना हे घडायला नको.

आता इंजिन बंद ठेवून पेडल. पहिल्या दाबाला खाली जातं, पण दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन कडक होतं? मग शू ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्टमेंट हवी. वर येतं पण पायाखाली लवचीक लागतं, तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरलं असता सावकाश खाली सरकत असेल तर आधी बाहेर गळती शोधा. ती कुठेच नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय. फार जुन्या जीपमध्ये सर्किट एकच असतं, एका चाकाचा पाइप फुटला तरी चारही ब्रेक जातात. तिथे किरकोळ गळती असं काही नसतं.

पेडल दगडासारखं कडक आणि गाडी मात्र थांबत नाही, अशी तक्रार असेल आणि गाडीला बूस्टर (व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) असेल तर तिकडे वळा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा मारून दाबून धरा आणि मग स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर बूस्टरची नळी काढून तोंडावर बोट ठेवा, ओढ जोरदार हवी. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून पंप वेगळा असतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. त्यामुळे बेल्ट ढिला पडला की चार्जिंग आणि ब्रेक एकदमच अशक्त होतात. बॅटरीचा दिवा लुकलुकतोय आणि पेडलही कडक झालंय, तर सगळ्यात आधी बेल्ट बघा. पंपाला तेल देणारी नळी तुंबली तर त्याची पाती झिजतात, तीही तपासा. ओढ चांगली असूनही पेडल कडकच, तर बूस्टर स्वतः बिघडलाय किंवा लायनर, म्हणजे शूवरची घासणारी अस्तरं, काचेसारखे गुळगुळीत झालेत.

मग ड्रम उघडा, चारही. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरची (शू बाहेर ढकलणाऱ्या, चाकातल्या सिलिंडरची) रबरी टोपी हलकेच उचला, आत ओघळ दिसला तर तो सिलिंडर कामातून गेला. मागच्या ड्रममध्ये तेल दिसलं तर ते कुठलं, हे आधी ठरवा. ब्रेक ऑइल पाण्याने धुऊन जातं, गिअर ऑइल चिकटून राहतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. गिअर ऑइल असेल तर ॲक्सलचं सील बदलण्याआधी ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा सोडणारी बारीक वाट) साफ करा. चिखलाने तो बुजला की गरम ॲक्सलमधला दाब सीलमधूनच वाट काढतो, आणि नवं सीलही तसंच गळतं. तेल प्यायलेले लायनर घासून सुधारत नाहीत, दोन्ही बाजूंचे जोडीने बदला.

नवे शू बसवताना लायनरवर खडू फासा, ड्रम चढवून शू हलके टेकवा आणि हाताने फिरवा. खडू फक्त मधल्या पट्ट्यात पुसला गेला तर शूची गोलाई ड्रमशी जुळत नाही. असे शू महागातले असले तरी धरणार नाहीत. शेवटी ड्रममागच्या पत्र्यावरच्या ॲडजस्टरने चाक जाम होईपर्यंत शू बाहेर आणा आणि चाक मोकळं फिरेल इतपत मागे घ्या.

चाकाकडे तेल नेणाऱ्या रबरी नळीकडे, म्हणजे होजकडे, सहसा कुणी बघत नाही. बाहेरून ठीक दिसणारा होज आतून सुजलेला असतो, तेल जातं पण परतत नाही. चाक अडकून राहिलं तर निप्पल उघडा. दाब सुटून चाक मोकळं झालं तर दोष होजकडे किंवा मास्टर सिलिंडरकडे, नाहीतर ड्रमच्या आत. हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, पण ओलावा शोषला की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. वरंधा किंवा माळशेज उतरताना पेडल अचानक पोकळ होण्यामागे हे एक कारण असू शकतं. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं असेल तर सगळी रबरं फुगतात, तिथे नुसतं तेल बदलून भागत नाही.

आणि टायर मोठे घातलेत का? २८ इंचाऐवजी ३१ इंची टायर असेल तर त्याच पायाच्या जोराला रस्त्यावर मिळणारा ब्रेकचा जोर जवळपास दहा टक्क्यांनी घटतो. ब्रेकमध्ये काहीच बिघाड नसताना हा फरक जाणवतो.

चाचणी मोकळ्या मैदानात घ्या, आधी चालण्याच्या वेगाने. मग थोडं चालवून थांबा आणि चारही ड्रमजवळ हात न टेकवता न्या. एखादा थंडच राहिला तर तो काम करत नाहीये, एखादा जास्त तापला तर तो घासतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी आणि चाकांच्या आतल्या बाजू पुन्हा बघा, मगच गाडी घाटात न्या.