सोलापूरहून बिझनेस क्लासने लांबचा प्रवास करताय? तो दिवस असा प्लॅन करा

सोलापुरात आता घरटी एखादं पोरगं अमेरिकेत नाहीतर लंडन-जर्मनीत आहे, आणि आई-वडिलांना तिकडं बोलवताना बरेच जण म्हणतात की या वेळी बिझनेस क्लासचंच तिकीट काढू, त्यांचे गुडघे कुठं एवढं सहन करणार. चांगलाच विचार आहे. पण एवढे पैसे घालून लोक एअरपोर्टवरच्या लाउंजमध्ये, म्हणजे बिझनेसवाल्यांच्या वेगळ्या बसायच्या-जेवायच्या जागेत, दाबून जेवतात, विमानात परत जेवतात, दोन पिक्चर बघतात आणि उतरताना डोळे लाल. माझं ठाम मत आहे की बिझनेस क्लासचे पैसे आडवं होऊन झोपायला मिळतं त्याचे असतात, बाकी सगळं त्याच्यावरचं. म्हणून पूर्ण दिवस त्या झोपेच्या हिशोबाने आखायचा.

तिकीट काढताना

आधी सीट मॅप बघा. 1-2-1 अशी रचना, म्हणजे एका ओळीत खिडकीला एक, मधे दोन आणि पलीकडच्या खिडकीला एक सीट, असेल तर प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं, 2-2-2 असेल तर खिडकीवाल्याला रात्री शेजारच्याचे पाय ओलांडून जावं लागतं, आणि काही जुन्या मोठ्या विमानांत अजून 2-3-2 आहे म्हणजे मधे अडकलात तर दोन्हीकडून कुणीतरी. एकाच कंपनीची दोन विमानं वेगळी असतात, त्यामुळे कंपनीचं नाव बघून भागत नाही, तुमच्या तारखेला कुठलं विमान आहे ते बघायचं. सीट पूर्ण सपाट होते का हेही विचारा. टॉयलेट आणि पॅन्ट्रीजवळची सीट नको, रात्रभर उजेड आणि भांड्यांचा आवाज. नवरा-बायको असाल तर मधली जोडी घ्या, एकटे असाल तर खिडकी.

दुसरं म्हणजे सगळ्यात स्वस्त बिझनेस तिकीट नीट वाचून घ्या. काही कंपन्या त्या तिकिटात लाउंज देत नाहीत आणि सीट निवडायचे पैसे वेगळे घेतात, एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही. आणि सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमी सोडून वरच्या क्लासच्या तिकिटावर जीएसटी 12 चा 18 टक्के झालाय, इकॉनॉमीला 5 टक्केच आहे, त्यामुळे जुन्या भावावर बजेट धरू नका.

जेवण तिकिटाबरोबरच सांगून टाका. शाकाहारी, जैन, डायबेटिक असे पर्याय असतात पण ते निदान 24 तास आधी नोंदवावे लागतात, काही ठिकाणी त्याच्याही आधी. आई-वडिलांसाठी व्हीलचेअरही तेव्हाच मागा. ती कुठल्याही क्लासला मागता येते, त्यात संकोच कसला, मोठ्या एअरपोर्टवर चालणं लय असतंय.

मुंबई की हैदराबाद?

आपण सवयीने मुंबईच धरतो. पण सोलापूरहून मुंबई रस्त्याने 400 किलोमीटरच्या आसपास आणि हैदराबाद 300 च्या आसपास, उमरगा-जहीराबाद मार्गे सरळ हायवे, घाट नाही, आणि शमशाबादचं एअरपोर्ट शहराबाहेर असल्यामुळे रिंग रोडने बाहेरच्या बाहेर पोचता येतं. तिथून दुबई, दोहा, अबूधाबी, लंडनची विमानं आहेत. पावसाळ्यात तर मी आधी हैदराबादचा भाव बघतो, लोणावळ्याच्या घाटात गाडी अडकायची धाकधूक नको.

मुंबईच ठरलं तर रेल्वे बरी. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईत. आठवड्यातून एक दिवस ती नसते, ते तिकीट काढतानाच बघा. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून पहाटे-सकाळी पोचवते. परदेशाची बरीच विमानं मध्यरात्री ते पहाटे सुटतात, त्यामुळे वंदे भारतने जाऊन दादरला उतरा, टॅक्सी करून एअरपोर्टजवळच्या साध्या हॉटेलात दुपारभर आडवे व्हा, अंघोळ करा आणि संध्याकाळी सावकाश निघा. सिद्धेश्वरने गेलात तर आदल्या रात्रीची झोप अर्धी आणि पुढं पूर्ण दिवस मुंबईत बॅगा सांभाळत काढायचा, ते वयस्कर माणसाला नको.

सोलापूरच्याच होटगी रोड विमानतळावरून आता मुंबईला विमान सुरू झालंय, ते जमत असेल तर छानच, पण ते तिकीट परदेशाच्या तिकिटाबरोबर एकाच पीएनआरवर नसेल तर लेट झाल्यावर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. अशा वेळी मधे चांगला अर्धा दिवस तरी ठेवा.

बॅगा

बिझनेसला बहुतेक लांबच्या मार्गांवर 32 किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण एक बॅग 32 च्या वर गेली तर पैसे भरूनही घेत नाहीत, तेव्हा घरीच वजन करा. सोलापुरी चादरी आणि शेंगाचटणी जाणारच, त्यात काय बोलायचं. चटणी चेक-इन बॅगेत, डबल पिशवीत, वरून चादरीत गुंडाळून. हातातल्या बॅगेत मोठं पाकीट ठेवलं तर अमेरिकेच्या वाटेवर 350 मिलीच्या वरच्या पावडरीला अडवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घेऊच नका, त्यात तेल असल्यामुळे पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बॅग उघडायला लावतात. पॉवर बँक हातातच, चेक-इनमध्ये कधीच नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरची चिठ्ठी, एक जोडी कपडे आणि स्वेटर हातातल्या बॅगेत. इन्सुलिनच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा करायच्या हे निघायच्या आधी डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्या.

एअरपोर्टवर

बिझनेस आहे म्हणून उशिरा गेलं तर चालतंय असं नाही, काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो तो सगळ्यांसाठी. तीन तास आधी पोचा. वेगळी रांग असते, बोर्ड बघून तिथंच उभं राहा, आई-वडील एकटे जात असतील तर त्यांना फोनवर चार वेळा सांगा कारण आपली माणसं समोर दिसेल त्या मोठ्या रांगेत जाऊन उभी राहतात. इमिग्रेशनसाठी केंद्र सरकारची फास्ट ट्रॅकची योजना जानेवारी 2025 पासून मुंबई आणि हैदराबादलाही आहे, भारतीय पासपोर्टवाल्यांना नोंदणी करता येते, मंजूर झालं की ई-गेटमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या गेटमधून, जायचं. वारंवार जाणाऱ्यांनी ती करूनच ठेवावी.

लाउंजमध्ये काय करायचं? विमान रात्रीचं असेल तर इथंच जेवून घ्या, हलकं, वरण-भात किंवा सूप. शॉवर असतो, पाच मिनिटांत ताजंतवानं वाटतंय, वापरा. म्हणजे विमानात बसल्यावर सांगायचं की जेवण नको, फक्त सकाळी नाश्त्याला उठवा. हे एवढं वाक्य बोललं की दोन तास झोप वाढते. बऱ्याच लाउंजमध्ये विमानाची अनाउन्समेंट होत नाही, मोबाइलला अलार्म लावा.

विमानात

बसल्याबरोबर घड्याळ उतरायच्या गावाच्या वेळेवर करा. गादी असेल तर क्रूला अंथरून मागा, त्यांचं ते कामच आहे. बेल्ट पांघरुणाच्या वरून लावा, नाहीतर हादरे बसले की बेल्ट बघायला झोपेतून उठवतात.

एक गोष्ट काळजीने सांगतो. झोपताना मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट अजिबात हलवू नका, मोटारच्या यंत्रात फोन चिरडला तर बॅटरी पेटू शकते. क्रूला बोलवा, ते काढून देतात. आई-वडिलांना हे नक्की सांगून ठेवा, कारण पहिली प्रतिक्रिया बटण दाबायचीच असते.

विमानाच्या आतली हवा लय कोरडी असते आणि दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीच्या ठिकाणासारखा. म्हणून घसा सुकतो, दारू लवकर चढते, आणि मीठ-साखरेची चव कमी लागते, आपल्याला तिथलं जेवण अळणी वाटतं ते निम्मं यामुळे. छोट्या डबीत थोडी शेंगाचटणी ठेवलेली असली की तेच जेवण गोड लागतंय. पाणी मागून मागून प्या. झोपून आलो म्हणून पाय मोकळे होत नाहीत, चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका सगळ्याच क्लासला असतो, तेव्हा जागे असाल तेव्हा तासा-दीड तासाने उठून चकरा मारा, घोटे फिरवा. आधी असा त्रास झालेला असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर प्रेशरचे मोजे डॉक्टरला विचारून घाला.

उतरल्यावर

तिकडं सकाळ असेल तर घरी पोचून लगेच अंथरूण धरायचं नाही, अगदीच झेपेना तर अर्धा तास डुलकी, बाकी उन्हात फिरा आणि तिथल्या रात्रीच झोपा. बिझनेसच्या बॅगांना प्रायॉरिटीचा टॅग लावतात, चेक-इनला तो लावलाय का ते डोळ्यांनी बघून घ्या आणि बॅगेच्या पावतीचा फोटो काढा. आणि बॅग आलीच नाही तर हॉलच्या बाहेर पडायच्या आधीच कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून तिचा नंबर घ्या, घरी जाऊन फोन करू म्हटलं की काम फार लांबतंय.